लाकडी बैलाचं चाक

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई नागपूरच्या मानेवाडा भागात राहतात. मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा. दीड वर्षाचा असताना पाच-सहा शब्द बोलायचा, नंतर ते हळूहळू बंद झाले. नावानं हाक मारली तर वळून पाहत नाही, पण आतल्या खोलीत मोबाइलवर गाणं लागलं की धावत येतो. इंग्रजी अक्षरं ओळखतो. तान्ह्या पोळ्याला बाकीची मुलं सजवलेले बैल घेऊन रांगेत उभी होती, तेव्हा हा आपला लाकडी बैल उलटा करून त्याचं चाक फिरवत बसला. एका डॉक्टरांनी दहा मिनिटांत ‘ऑटिझम आहे’, म्हणजे स्वमग्नता, असं सांगितलं. दुसरे म्हणाले, ‘मोबाइल बंद करा, तीन वर्षांपर्यंत वाट पाहा.’ सासूबाईंचं म्हणणं, ‘याचा बाप बी चार वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता. लेकराला काही नाही झालं.’ त्यांना गोवर-रुबेलाच्या सुईचाही संशय आहे. नवऱ्याला भीती, की एकदा शिक्का बसला की शाळा दारात उभं करणार नाही. ताई विचारतात : कोणाचं खरं मानू? एमआरआय केला तर एकदाचं कळेल का? आणि मी त्याच्या हातात मोबाइल दिला, म्हणून हे झालं का?

ताई,

बैलाच्या चाकाची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिली आहे. एमआरआयचा प्रश्न मात्र दोनदा विचारला आहे. माझ्या मते महत्त्व नेमकं उलटं आहे. तुमच्या मुलाबद्दल तज्ज्ञाला जे कळायला हवं, ते एमआरआयच्या फिल्मवर नाही, त्या पोळ्याच्या दुपारी आहे.

आधी एक गोष्ट सांगते. मी विशेष शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. मुलाला ऑटिझम आहे की नाही हे मी सांगणार नाही, आणि नुसतं पत्र वाचून कोणीही सांगू नये. पण निदान कसं होतं, हे मी अनेक घरांसोबत जवळून पाहिलं आहे. तेवढंच तुमच्यापुढे ठेवते.

ऑटिझम दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. एमआरआयमध्ये तो दिसत नाही, ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीतही नाही. मुलाला फिट येत असतील तर डॉक्टर ईईजी सांगतात. डोक्याचा आकार, चालणं, एका बाजूची ताकद यांत काही वेगळं वाटलं तर एमआरआय सांगतात. काही मुलांची जनुकीय तपासणीही करतात, कारण त्यातून कधी कधी मूळ कारण सापडतं आणि पुढच्या बाळंतपणाचा विचार करताना त्याचा उपयोग होतो. पण या सगळ्याचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून ऑटिझम नाही, असं होत नाही. शिवाय एवढ्या लहान मुलाला एमआरआयसाठी बहुतेक वेळा गुंगीचं औषध द्यावं लागतं. कारण नसताना त्यातून त्याला नेऊ नका. कोणी तपासणी सुचवली तर सरळ विचारा : ‘यातून तुम्ही नेमकं काय शोधताय?’

मग निदान होतं कशावरून? मुलाच्या वागण्यावरून, आणि त्याच्या आजवरच्या वाढीच्या हकिगतीवरून. जगभर यासाठी जे निकष वापरतात त्यांपैकी डीएसएम-५ हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे निकष २०१३ साली आले. त्यांत दोन बाजू पाहतात, आणि दोन्हीकडे खुणा असाव्या लागतात.

पहिली बाजू माणसांशी देवाणघेवाणीची. मूल आपल्याकडे येऊन काही सांगतं-दाखवतं का, आपण हसलो तर परत हसतं का. नजर, चेहरा, हातवारे यांनी बोलतं का. दुसऱ्या मुलांमध्ये त्याला रस आहे का, खोटं खोटं जेवणं, बाहुलीला झोपवणं असे खेळ जमतात का. दुसरी बाजू तोचतोचपणाची आणि संवेदनांची : तीच हालचाल किंवा तेच शब्द पुन्हा पुन्हा, ठरलेल्या क्रमात जरा बदल झाला की आकांत, एखाद्याच गोष्टीचं जबरदस्त वेड, आणि मिक्सरच्या आवाजानं किंवा शर्टाच्या लेबलनं हैराण होणं, नाहीतर उलट काही संवेदना मुद्दाम शोधत राहणं. पहिल्या बाजूच्या तिन्ही गोष्टींत अडचण दिसावी लागते, दुसऱ्या बाजूच्या चारांपैकी किमान दोन. हे सगळं लहानपणापासून असावं लागतं आणि रोजच्या जगण्यात त्याची अडचण होत असावी लागते.

आता चाकाकडे परत येऊ. चाक फिरवणं म्हणजे ऑटिझम नव्हे. दोन वर्षांची कितीतरी मुलं सायकल उलटी करून चाक फिरवतात, आणि त्यांना त्यात फार मजा येते. मला जाणून घ्यायचंय ते पुढचं. फिरवता फिरवता त्यानं एकदा तरी मान वर करून तुमच्याकडे पाहिलं का, ‘बघ, कसं फिरतंय’ अशा नजरेनं? तुम्ही शेजारी बसून दुसरं चाक फिरवलंत तर त्याला ते आवडलं असतं, की त्यानं तुमचा हात बाजूला केला असता? रांगेतल्या पोरांकडे, त्यांच्या बैलांच्या झुलींकडे त्याचं लक्ष गेलं का?

मी आईबाबांना बोटाबद्दल नेहमी विचारते. बोट दोन तऱ्हेचं असतं. एक मागणारं : फ्रिजवरच्या बिस्किटाच्या डब्याकडे. दुसरं दाखवणारं : वर्धा रोडवरून जाताना डोक्यावरून मेट्रो गेली, मुलानं तिच्याकडे बोट केलं आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे पाहिलं, तिलाही दिसली ना म्हणून. त्याला मेट्रो नको असते. त्याला तुम्ही सोबत हव्या असता. हे दुसरं बोट साधारण दीड वर्षापर्यंत यायला हवं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांत ते उशिरा येतं, किंवा येतच नाही. काही मुलं बोट करण्याऐवजी मोठ्या माणसाचं मनगट धरतात आणि हवी ती वस्तू त्या हातानं काढून घेतात. तुमच्या पत्रात बोटाचा उल्लेख नाही. आठ दिवस फक्त हे पाहा आणि वहीत लिहा.

आता दोन डॉक्टरांचं. दोघांत खरं कोण, हा प्रश्न मला पटत नाही. दहा मिनिटांत सांगणाऱ्यांचा अंदाज कदाचित बरोबरही निघेल, अनुभवी नजरेला लवकर दिसतं. पण अंदाज म्हणजे निदान नव्हे. आणि ‘वाट पाहा’ हा सल्ला तर तुमच्या मुलाच्या बाबतीत मला अजिबात मान्य नाही. येत असलेले शब्द गेले, ही एकच गोष्ट लगेच तपासणीला नेण्यासाठी पुरेशी आहे. मूल कोणत्याही वयाचं असो, बोललेले शब्द किंवा आलेलं हसणं-खेळणं मागे पडलं, की थांबायचं नाही.

नीट तपासणी कशी असते ते सांगते, म्हणजे झाली की नाही हे तुमचं तुम्हाला कळेल.

सुरुवात कानापासून. ‘मोबाइलचं गाणं ऐकू येतं, म्हणजे कान चांगले’ असं धरून चालू नका. काही आवाज ऐकू येऊन बाकीचे न येणं शक्य असतं. बेरा नावाची तपासणी मूल झोपलेलं असताना करतात. आवाजाला मेंदूकडून काय प्रतिसाद येतो ते त्यात यंत्र टिपतं, मुलानं काही सांगावं लागत नाही. कान ठीक आहेत हे कळल्याशिवाय बोलण्याबद्दलचा कुठलाही निष्कर्ष अर्धवट राहतो.

मग प्रश्नावली. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची चाळणी आहे, उत्तरं आईबाबांनी द्यायची. तुमचा मुलगा २८ महिन्यांचा आहे, म्हणजे ती अजून लागू आहे. पण ती चाळणीच. गुण जास्त आले म्हणून ऑटिझम पक्का होत नाही आणि कमी आले म्हणून सुटका होत नाही. गुण मधल्या पट्ट्यात आले तर डॉक्टरांनी त्या प्रश्नांवर पुन्हा नीट बोलून खातरजमा करायची असते, ही पायरी गडबडीत गळते. हीच प्रश्नावली फोनवर भरून रात्री दोन वाजता रडत बसलेल्या आया मला माहीत आहेत. तसं करू नका.

त्यानंतर खरी भेट. ती तासभर तरी चालते, बऱ्याचदा दोन-तीन वेळा जावं लागतं. वाढ आणि विकासाचे बालरोगतज्ज्ञ, मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ ती घेतात. सोबत मानसशास्त्रज्ञ, वाचा उपचारतज्ज्ञ आणि रोजची कामं-हालचाली शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट असले तर फार बरं. गरोदरपणापासूनची हकिगत विचारतात. मुलासोबत जमिनीवर बसून खेळतात : फुगे उडवतात, मधेच थांबतात, मूल ‘अजून’ कसं मागतं ते पाहतात. ठरावीक पद्धतीनं खेळून निरीक्षण करण्याची एडीओएस-२ ही चाचणी आहे. भारतातल्या मुलांसाठी तयार केलेली आयएनडीटी आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी इसा ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात. तिच्यात गुण ७० च्या खाली असले तर ऑटिझम धरत नाहीत. चाचणीचं नाव काय यापेक्षा मुलासोबत खाली बसून कोण खेळलं, हे मी जास्त पाहते. सगळी भेट टेबलापलीकडून झाली आणि मुलाला कोणी हातही लावला नाही, तर दुसरं मत घ्या.

याच भेटीत ऑटिझमऐवजी दुसरं काही आहे का, हेही तपासतात. फक्त भाषा मागे असू शकते. सगळाच विकास सावकाश होत असू शकतो. इथेच सासूबाईंच्या बोलण्याकडे मी वेगळ्या नजरेनं पाहते. तुम्हाला ते टाळाटाळ वाटतं, मला ती माहिती वाटते. उशिरा बोलणारी मुलं असतात, घराण्यात असतातही. पण अशी मुलं शब्दाविना खूप बोलतात : ओढत नेतात, बोट करतात, रुसतात, नकला करतात, डोळ्यांनी भांडतात. म्हणून आजींशी वाद घालू नका. त्यांना विचारा, ‘आई, हे बोलत नव्हते तेव्हा काय हवं ते कसं सांगायचे? हाक मारली की बघायचे का? आणि आलेलं बोलणं मधेच गेलं होतं का?’ तीस वर्षांपूर्वीचं लेकरू त्यांना तपशिलानं आठवेल, आणि फरक किंवा सारखेपणा त्यांचा त्यांनाच दिसेल.

सुईचं लवकर आटपते, कारण तो प्रश्न कधीचाच सुटलेला आहे. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सांगणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. २०१० साली त्या नियतकालिकानं तो मागे घेतला. त्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध सापडला नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत देतात. ऑटिझमच्या खुणा घरच्यांच्या लक्षात येऊ लागतात तेही याच वयात, म्हणून दोन्हींची गाठ पडल्यासारखी वाटते. राहिलेल्या लसी वेळेवर द्या.

मोबाइलवर मात्र थांबते, कारण तुमच्या पत्रातलं सगळं रडू तिथेच आहे.

ताई, मोबाइल दिल्यानं ऑटिझम होत नाही. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’, म्हणजे पडद्यामुळे झालेला ऑटिझम, हा शब्द हल्ली फार ऐकू येतो, पण निदानाच्या निकषांत असा कुठलाही आजार नाही. तुम्ही लिहिता, की कामावरून आल्यावर स्वयंपाक होईपर्यंत त्याला मोबाइल द्यायची. नागपूरच्या मे महिन्यात दोन वर्षांच्या मुलाला दिवसभर दार लावून घरात ठेवावं लागतं, हे मलाही माहीत आहे. तुम्ही गुन्हा केलेला नाही. उलटही होत असतं : ज्या मुलाला माणसांचे चेहरे वाचणं अवघड जातं, त्याला पडद्यावरची तीच ती अक्षरं, तेच ते गाणं सोपं आणि सुखाचं वाटतं, म्हणून ते मोबाइलकडे ओढलं जातं. आईला दोष देण्याची ही खोड जुनी आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची वर्णनं लिहून ऑटिझम वैद्यकाच्या नकाशावर आणला, आणि पुढची दोन दशकं थंड मनाच्या आयांमुळे हे होतं असं डॉक्टरच सांगत राहिले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, हे पुराव्यानिशी खोडून काढलं. त्या दोन दशकांत किती घरांत आया मनातून मोडल्या असतील. आज मोबाइलचं निमित्त करून तेच पुन्हा चालू आहे, आणि मला त्याचा राग येतो.

तरीही मोबाइल कमी करा, वेगळ्या कारणासाठी. पडद्यासमोरचा प्रत्येक तास माणसांशी खेळण्याच्या वेळेतून वजा होतो, आणि तुमच्या मुलाला माणसांच्या खेळाची इतरांपेक्षा जास्त गरज आहे. भारतीय बालरोग अकादमी दोन वर्षांखाली पडदा नको म्हणते आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. फक्त ‘मोबाइल बंद करून तीन महिने पाहू, मग जाऊ’ असं नको. बंदही करा आणि नंबरही लावा.

नवऱ्याच्या भीतीबद्दल. शिक्का हा शब्द त्यांचा, आणि तो कुठून येतो ते मला कळतं. पण इथे दोन वेगळे कागद एकमेकांत मिसळलेत. निदान तुमच्या फाइलमध्ये राहतं, ते कोणाला सांगायचं हे तुम्ही दोघं ठरवणार. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ही निराळी गोष्ट आहे. ते मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि आज ते काढलंच पाहिजे असंही नाही. पुढे सवलती, शिष्यवृत्ती, परीक्षेतला जादा वेळ, निरामय योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा यांसाठी ते लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि सरकारमान्य शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा असं तोच कायदा सांगतो. शाळा तरीही टाळतात, हे मी पाहिलं आहे आणि त्यांच्याशी भांडलेही आहे. पण शाळेत मूल अडतं ते निदानाच्या नावामुळे क्वचित, मदत न मिळता गेलेल्या वर्षांमुळे जास्त. त्यांना एवढंच विचारा : नाव घेतलं नाही तर त्याला हाक ऐकून वळता येऊ लागेल का?

आता जायचं कुठे. घरापासून फार लांब नाही असं मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानला एम्स आहे. या तिन्ही सरकारी रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार विभाग आहेत. दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी, नागपुरात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडूनही जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते, तिथे पैसे पडत नाहीत. हे काटोल, उमरेड, रामटेककडच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिते. धंतोली-रामदासपेठेत खासगी तज्ज्ञही आहेत. एकाच ठिकाणी नंबर लावून बसू नका, दोन-तीनकडे लावा, आधी मिळेल तिथे जा. स्टेम सेलची सुई, प्राणवायूची पेटी, शरीरातून ‘विष काढणारी’ औषधं कोणी सुचवली तर उठून या. ऑटिझमसाठी त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि काहींनी इजा होते.

भेट मिळेपर्यंत थेरपी थांबवायचं कारण नाही. वाचा उपचार निदानाच्या कागदावाचून सुरू होतो. घरीही होतो. त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. तो चाक फिरवतोय तर काढून घेऊ नका, तुम्हीही फिरवा, ‘गरगर’ म्हणा, थांबा, त्याच्याकडे पाहत वाट बघा. तो पाहील, हात धरेल, आवाज काढेल, त्यातलं काहीही ‘अजून’ म्हणून मान्य करा आणि लगेच फिरवा. त्याच्या खेळात आपण शिरायचं, हे या पद्धतीचं मर्म आहे. आईबाबांना हे शिकवणाऱ्या कार्यक्रमाची चाचणी गोवा आणि रावळपिंडीत झाली, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी घरच्यांना शिकवलं, आणि २०१६ मध्ये निष्कर्ष आले : आईबाप मुलाच्या लयीत खेळू लागले आणि मुलंही त्यांच्याकडे जास्त वेळा आपणहून येऊ लागली. भाषा तुमची मराठीच ठेवा. शेजारी हिंदी, कार्टून इंग्रजी, म्हणून मूल गोंधळलं असं कोणी म्हणेल, पण दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही.

पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. मुलींमध्ये हे नजरेतून सुटतं. ती गप्प राहते, दुसऱ्या मुलींचं पाहून वागते, आणि घरचे ‘लाजाळू आहे’ म्हणतात. निदान मुलग्यांत जास्त होतं, म्हणून मुलींकडे डोळेझाक नको. आणि ज्या घरात थोरल्याला ऑटिझम आहे, तिथे धाकट्यालाही असण्याची शक्यता साधारण पाचांत एक असते. पहिल्या वाढदिवसापासूनच त्याच्या हसण्या-पाहण्याकडे लक्ष ठेवा.

भेटीला जाताना जन्माची फाइल, लसीकरणाचं कार्ड, बेराचा रिपोर्ट घ्या. एक-दोन मिनिटांचे पाच-सहा व्हिडिओ घ्या : पाठीमागून नावानं हाक, जेवण, एकट्याचा खेळ, इतर मुलांसोबतचा खेळ, आणि जुन्या फोनमध्ये सापडला तर तो ‘आई’ म्हणत होता तेव्हाचा एखादा. दवाखान्यात मूल घरच्यासारखं वागत नाही, म्हणून हे लागतं. त्याची झोपेची आणि भुकेची वेळ टाळून नंबर मागा. लाकडी बैल पिशवीत टाका. आणि सासूबाईंना सोबत न्या. डॉक्टर त्यांनाही विचारतील, हा कधी बसला, कधी चालला, कोणाकडे पाहून पहिल्यांदा हसला. तुम्ही कामावर असता तेव्हा दिवसभर तो त्यांच्याच अंगाखांद्यावर असतो.